माफीचा साक्षीदार आणि सरकारचा हस्तक

न्यूयॉर्क शहरातील मॅनहॅटनच्या संघीय न्यायालयात, न्यायाधीश लोरेटा प्रेस्का यांच्यासमोर, सहा महिन्यांच्या अंतराने दोन तरुण शिक्षा ऐकण्यासाठी उभे राहिले. १५ नोव्हेंबर २०१३ रोजी उभा राहिलेला जेरेमी हॅमंड हा शिकागोचा, अठ्ठावीस वर्षांचा, राज्यसंस्थाच नको असे मानणाऱ्या पंथाचा तरुण. स्ट्रॅटफॉर या टेक्सासमधील खासगी गुप्तवार्ता-कंपनीच्या संगणकांत शिरून त्याने तेथील पत्रव्यवहार आणि ग्राहकांची माहिती पळवली होती, आणि ज्या एका कलमाखाली त्याने गुन्हा कबूल केला त्या कलमाची कमाल मर्यादा, म्हणजे दहा वर्षांची सजा, न्यायाधीशांनी त्याला फर्मावली. २७ मे २०१४ रोजी उभा राहिलेला हेक्टर झेवियर मॉन्सेगर हा न्यूयॉर्कचाच, तीस वर्षांचा, हॅकरांच्या जगात ‘साबू’ या नावाने ओळखला जाणारा आणि हॅमंड ज्या मंडळीत वावरला त्या मंडळीत वडीलकीचा मान असलेला माणूस. त्याने बारा आरोप कबूल केले होते. त्या आरोपांच्या शिक्षांची बेरीज १२४ वर्षांच्या वर जात होती, शिक्षा ठरवण्याच्या सरकारी कोष्टकानुसारसुद्धा ती २५९ ते ३१७ महिन्यांच्या दरम्यान पडत होती, आणि तरीही पूर्वी भोगून झालेले सात महिने पुरेसे आहेत असे ठरवून, एका वर्षाच्या देखरेखीच्या अटीवर, न्यायालयाने त्याला घरी जाऊ दिले. या सौम्यतेचे कारण सरकारपक्षाने आपल्या लेखी निवेदनात दिले होते : जवळजवळ तीन वर्षे हा माणूस एफ.बी.आय.साठी काम करीत होता, आणि हॅमंडसह निदान आठ साथीदारांना गजाआड करण्यास त्याचे साहाय्य कारणीभूत झाले होते.

एकाला दहा वर्षे आणि दुसऱ्याला सात महिने, ही विषमता प्रथमदर्शनी मनाला बोचते. परंतु माझी तक्रार तिच्याविरुद्ध नाही. साथीदारांविरुद्ध खरे बोलणाऱ्या आरोपीला दया दाखवण्याची रीत जगातील बहुतेक सर्व न्यायपद्धतींत रूढ आहे, आपल्याही कायद्यात ती मान्य आहे, आणि कित्येक गुन्हे असे असतात की ज्यांचा उलगडा आतल्या माणसावाचून होतच नाही. माझे म्हणणे याहून वेगळे आहे. घडून गेलेला गुन्हा सांगणे आणि घडायचा गुन्हा चालू ठेवणे या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. पहिलीबद्दल माफी देता येते, तशी ती द्यावीही. दुसरीसाठी मात्र कोणत्याही सरकारने कोणालाही उसना अधिकार देऊ नये. साबूच्या प्रकरणात ही सीमारेषा ओलांडली गेली, आणि हॅकरांविरुद्ध हॅकर वापरण्याचा मोह आता सर्वच देशांच्या पोलिसांना होणार असल्यामुळे आपल्या वाचकांनीही या प्रकरणाकडे बारकाईने पाहिले पाहिजे.

मॉन्सेगर मॅनहॅटनच्या पूर्वेकडील जेकब रीस या सरकारी वसाहतीत राहत असे. घरातील वडीलधारी माणसे तुरुंगात गेल्यामुळे दोन लहान मुलींचा सांभाळ त्याच्याकडे आला होता. २०११ च्या मे आणि जून महिन्यांत ‘लल्झसेक’ नावाच्या पाचसहा जणांच्या टोळीने जो धुमाकूळ घातला त्यात तो प्रमुख होता. सोनी पिक्चर्सच्या ग्राहकांची माहिती त्यांनी उघड्यावर मांडली, अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीच्या संकेतस्थळात शिरून, मृत्यू पावलेला एक गायक न्यूझीलंडमध्ये जिवंत सापडल्याची खोटी बातमी त्यांनी तेथे छापली, सी.आय.ए.चे संकेतस्थळही त्यांनी काही काळ बंद पाडले. आपला ठावठिकाणा लपवण्यासाठी हे लोक टॉर नावाची जी यंत्रणा वापरतात ती न वापरता साबू एकदा गप्पांच्या खोलीत शिरला आणि त्या एका चुकीने पोलिसांना त्याच्या घराचा माग लागला, असे सांगतात. ७ जून २०११ च्या रात्री एफ.बी.आय.चे अधिकारी त्याच्या दारात आले. त्याच्यापुढे एका बाजूस आयुष्यभराचा तुरुंग आणि दुसऱ्या बाजूस त्या दोन मुलींचे भवितव्य होते. त्याने तत्काळ सहकार्य मान्य केले आणि लगेच तो पुन्हा आपल्या मित्रांमध्ये, त्याच नावाने आणि त्याच आविर्भावाने, बोलू लागला. फरक इतकाच की आता त्याचा प्रत्येक शब्द सरकारी दप्तरात जमा होत होता. पकडलेल्या माणसाने सरकारविरुद्ध लढत राहण्याची भाषणे सरकारच्याच संमतीने करावीत आणि ती ऐकून पेटलेल्या पोरांची नावे सरकारनेच टिपून घ्यावीत, हा प्रकार त्यानंतर नऊ महिने चालला. ६ मार्च २०१२ रोजी आरोपपत्रे उघड झाली तेव्हा इंग्लंड, आयर्लंड आणि अमेरिका अशा तीन देशांतील तरुणांना आपला म्होरक्याच खबऱ्या होता हे एकाच दिवशी समजले.

पोलिसांची बाजू दुर्बळ नाही, आणि ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. घरफोडीत दाराची कडी तुटते, बोटांचे ठसे उमटतात, शेजारी जागा होतो. संगणकावरील चोरीत चोर दुसऱ्या खंडात बसलेला असतो, त्याचे नाव टोपणनाव असते, त्याच्या मार्गात तीन देशांतील संगणक मध्यस्थ म्हणून उभे असतात, आणि ज्याची चोरी झाली त्यालाही ती कित्येकदा महिनोन्महिने कळत नाही. अशा गुन्ह्यात टोपणनावामागचा माणूस कोण हे सांगू शकणारा साक्षीदार सहसा एकच, तो म्हणजे दुसरा चोर. मॉन्सेगरने दिलेल्या माहितीमुळे तीनशेहून अधिक हल्ले टळले किंवा त्यांची झळ कमी झाली, असे सरकारपक्षाचे म्हणणे होते. त्यातील काही भाग जरी खरा धरला तरी ती सेवा सामान्य म्हणता येणार नाही.

हॅमंडची ओळख ज्या रीतीने पटवण्यात आली तिच्यात तर पोलिसी कसबाचा उत्तम नमुना दिसतो. तो चारपाच टोपणनावांनी वावरत असे आणि खरे नाव त्याने कोणालाही सांगितले नव्हते. परंतु माणूस जिवलग समजलेल्या मित्राशी रात्ररात्र बोलू लागला म्हणजे आयुष्याचे तुकडे त्याच्या तोंडून गळतातच. आपण पूर्वी संघीय तुरुंगात होतो. २००४ साली न्यूयॉर्कमध्ये रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनाच्या वेळी निदर्शनांत आपल्याला धरले होते. आपले काही सोबती नुकतेच सेंट लुईस येथे पकडले गेले. दुकानांनी टाकून दिलेले अन्न वेचून खाण्यात आपल्याला कमीपणा वाटत नाही. अशी वाक्ये त्याने वेगवेगळ्या रात्री, वेगवेगळ्या नावांनी साबूला लिहिली. अधिकाऱ्यांनी ती वाक्ये एकमेकांशेजारी ठेवली, पोलीस दप्तरांशी ताडून पाहिली आणि शिकागोतील एका घरापर्यंत ते पोहोचले. पुढे त्या घरावर पहारा बसला. हॅमंड घरात शिरल्याची वर्दी बाहेरचा पहारेकरी देई, तेवढ्यात ते टोपणनाव जालावर हजर झाल्याचे न्यूयॉर्कहून साबू कळवी. तो बाहेर पडला की ते नावही मावळे. अशा कित्येक वेळा जुळल्या तेव्हा ५ मार्च २०१२ रोजी त्याला अटक झाली. एवढ्यावरच साबूचे काम थांबले असते तर हा लेख लिहिण्याचे मला प्रयोजन उरले नसते. ही साक्ष होती, ती पडताळून पाहिलेली होती, आणि तिच्यामुळे कोणाही तिऱ्हाईताचे काडीचे नुकसान झाले नव्हते.

परंतु ते काम तेथे थांबले नव्हते. डिसेंबर २०११ मध्ये, म्हणजे साबूच्या अटकेला सहा महिने उलटल्यानंतर, स्ट्रॅटफॉरची लूट झाली. त्या कंपनीच्या संगणकात शिरण्याची वाट दुसऱ्याच एका हॅकरने शोधली होती आणि ती साबूला सांगितली होती. साबूने आपल्याकडे आणण्यापूर्वी या कंपनीचे नावही आपण ऐकले नव्हते, असे हॅमंडने न्यायालयात सांगितले. कोणाचा पुढाकार किती होता याविषयी दोन्ही पक्षांत मतभेद राहिला. पण जी गोष्ट सरकारच्याच कागदपत्रांत नमूद आहे ती पुरेशी गंभीर आहे. पळवलेला माल ठेवायला हॅमंडच्या मंडळींना जागा हवी होती, आणि ती जागा साबूने दिली; तो संगणक एफ.बी.आय.च्या ताब्यातील होता. सुमारे ६०,००० क्रेडिट कार्डांचे तपशील, सुमारे ८ लाख ६० हजार ग्राहकांची माहिती आणि लाखो ई-पत्रे अशा चोरीच्या मुद्देमालासाठी कोठार सरकारने पुरवले. डिसेंबरच्या आरंभीच स्ट्रॅटफॉरच्या प्रमुखांना चोरीची वार्ता मिळाली होती आणि एफ.बी.आय.च्या अधिकाऱ्याशी त्यांची भेटही झाली होती, हे त्यांनी स्वतः पुढे प्रसिद्ध केले. तथापि नाताळच्या सुमारास हॅकरांनी कार्डांचे आकडे जगजाहीर केले तेव्हा त्या कार्डांवरून धर्मादाय संस्थांना परस्पर देणग्या दिल्या गेल्या, एकंदर सुमारे सात लाख डॉलर खर्ची पडले, आणि ज्यांची कार्डे होती त्या हजारो निरपराध माणसांना आपल्या नावाचा हा बाजार सरकारच्या नजरेसमोर चालला होता याचा पत्ता नव्हता. फेब्रुवारी २०१२ मध्ये विकिलीक्सने तीच पत्रे छापण्यास आरंभ केला. गुन्हा घडताना पाहणारा पोलीस साक्षीदार असतो, हे मला मान्य आहे. मालाला जागा देणाऱ्या पोलिसाला काय म्हणावे, हे मात्र मला कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात सापडलेले नाही.

शिक्षेच्या दिवशी हॅमंडने आणखी एक गोष्ट सांगितली. परदेशी सरकारांच्या संकेतस्थळांची यादी साबू आपल्याला पुरवीत असे, असे म्हणून त्याने ब्राझील, तुर्कस्तान आणि इराण ही नावे घेतली, तेव्हा न्यायाधीशांनी ती नावे उच्चारण्यास त्याला मनाई केली. एप्रिल २०१४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने न्यायालयीन कागदपत्रांच्या आधारे हीच हकिकत विस्ताराने प्रसिद्ध केली. त्या चढायांचा हुकूम एफ.बी.आय.ने स्वतः दिला होता की नाही हे त्या कागदांवरून ठरत नाही, आणि जे ठरत नाही ते गृहीत धरून कोणावर दोषारोप करणे मला मंजूर नाही. पण प्रत्येक शब्दावर सरकारी पाळत असलेला एक माणूस परक्या देशांच्या दप्तरांकडे बोट दाखवीत होता आणि दुसरा त्या बोटाच्या दिशेने चढाई करीत होता, एवढे जरी खरे असले, तरी ज्या राष्ट्राच्या संगणकात घुसखोरी झाली त्या राष्ट्राने जाब विचारल्यास त्याला उत्तर कोणी द्यायचे?

खबऱ्याला मोकळे रान दिले म्हणजे काय होते याचा याहून जुना धडाही अमेरिकेपाशी होता. २००३ साली न्यूयॉर्कमध्ये एक साध्या वेषातील पोलीस मोटारचोरांच्या मागावर फिरत असताना, रात्री उशिरा, बँकेच्या एटीएमसमोर लांब केसांचा एक तरुण त्याच्या नजरेस पडला. तो एक कार्ड घाली, नोटा काढी, दुसरे कार्ड घाली, पुन्हा नोटा काढी; हे थांबेचना. केस नकली होते आणि कार्डेही. तो अल्बर्ट गोन्झालेझ होता, चोरलेल्या कार्डांची उलाढाल करणाऱ्या ‘शॅडोक्रू’ या जालावरील बाजाराचा एक सूत्रधार. तुरुंग टाळण्यासाठी तो सीक्रेट सर्व्हिसचा खबऱ्या झाला, आणि त्याच्या मदतीने ऑक्टोबर २००४ मध्ये अठ्ठावीस जणांना एकदम अटक झाली. अधिकारी त्याच्यावर इतके प्रसन्न झाले की पुढे त्याला वेतन सुरू झाले. ते वेतन घेत असतानाच त्याने टी.जे.एक्स. या दुकानसाखळीचे आणि पुढे हार्टलँड या देयककंपनीचे भांडार फोडून कोट्यवधी कार्डांचे आकडे लांबवले, आणि सरकारी तपासाची त्याला जी आतली माहिती होती ती आपल्या सोबत्यांना सावध करण्यासाठी वापरली. २००८ मध्ये तो पकडला गेला. आईवडिलांच्या घरामागील अंगणात पुरलेले दहा लाखांहून अधिक डॉलर त्याने काढून दिले. मार्च २०१० मध्ये त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. ज्याची सारी विद्या विश्वास संपादन करून दगा देण्याची, तो सरकारशी मात्र एकनिष्ठ राहील, असे त्या अनुभवी अमलदारांनी गृहीत धरले होते.

मुंबईकरांना हे सांगण्याची गरजच नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यासाठी आपल्या शहराची टेहळणी करून गेलेला डेव्हिड हेडली हा मुळात हेरॉइनच्या प्रकरणात पकडला जाऊन अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा खबऱ्या झालेला आणि त्याबद्दल शिक्षेत सवलत मिळवलेला गृहस्थ होता. पुढे पुन्हा पकडला गेल्यावर त्याने पुन्हा तोंड उघडले, आणि फाशी होऊ नये व भारताच्या हवाली केले जाऊ नये हे दोन्ही त्याने पदरात पाडून घेतले. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने त्याला माफीचा साक्षीदार करून घेतले. फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरदृश्य यंत्रणेवरून त्याची जबानी झाली. ती जबानी उपयोगी होती आणि ती घेणे योग्यच होते. पण पहिल्याच सौद्याच्या वेळी त्या माणसाला एखाद्या न्यायाधीशाच्या नजरेखाली ठेवले असते तर, हा विचार ज्यांची माणसे छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या फलाटावर पडली त्यांच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

आपल्या कायद्याने माफीच्या साक्षीदाराभोवती जे कुंपण घातले आहे त्याचे मोल या पार्श्वभूमीवर कळते. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे ३०६ वे आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे ३४३ वे कलम सांगते की माफी पोलिसाने द्यायची नाही, ती दंडाधिकाऱ्याने किंवा न्यायालयाने द्यायची. का दिली याची कारणे लेखी नमूद करायची. घडलेली हकिकत संपूर्ण आणि खरी सांगण्याची अट घालायची. आणि आधीच जामिनावर नसेल तर खटला संपेपर्यंत त्याला कोठडीतच ठेवायचे. काही लपवल्याचे उघडकीस आले तर माफी जाते आणि मूळ गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालू शकतो. शिवाय साथीदाराच्या शब्दाला महत्त्वाच्या बाबतीत दुसरीकडून दुजोरा मिळाला पाहिजे, हा दंडक आपल्या न्यायालयांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला आहे. गांधीहत्येच्या खटल्यात पुण्याचा शस्त्रविक्रेता दिगंबर बडगे माफीचा साक्षीदार झाला. लाल किल्ल्यातील विशेष न्यायालयाचे न्यायाधीश आत्माचरण यांनी त्याची साक्ष एकंदरीने विश्वसनीय मानली, आणि तरीही सावरकरांच्या बाबतीत तिला स्वतंत्र पुरावा नाही म्हणून केवळ तिच्यावर विसंबण्याचे नाकारून फेब्रुवारी १९४९ मध्ये त्यांना निर्दोष सोडले. त्या निकालाविषयी कोणाचे राजकीय मत काय असेल ते असो. सबंध देशाचे रक्त उसळलेले असताना एका न्यायाधीशाने पुराव्याचा नियम ढळू दिला नाही, याचा मला आजही आदर वाटतो.

साबूची परीक्षा अशी कधी झालीच नाही. सहआरोपींनी एकामागून एक गुन्हा कबूल केला. अमेरिकेत खटला लढवून हरणाऱ्याला जी जबर शिक्षा होते तिच्या धास्तीने बहुसंख्य आरोपी तेच करतात. त्यामुळे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून, शपथेवर, उलटतपासणीला तोंड देण्याची वेळ त्याच्यावर आली नाही. कोणती सूचना त्याची आणि कोणती त्याच्या मागे बसलेल्या अधिकाऱ्याची, कोणाला त्याने चिथावले आणि कोण आपण होऊन आला, हे प्रश्न ज्या एका ठिकाणी निर्भीडपणे विचारता आले असते ते ठिकाण रिकामेच राहिले.

आपल्याकडे सरकारनेच मोह उभा करण्याचा एक प्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे, तो म्हणजे लाचलुचपत प्रतिबंधक खात्याचा सापळा. तक्रारदार आधी येतो, मागणी झाल्याची पडताळणी होते, दोन पंच बोलावले जातात, नोटांचे क्रमांक त्यांच्यादेखत लिहून घेतले जातात, नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची भुकटी लावतात, आणि लाच स्वीकारणाऱ्याची बोटे सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवताच ते पाणी गुलाबी होते. आरंभापासून अखेरपर्यंत प्रत्येक पायरीचा पंचनामा होतो. एवढी शिस्त असूनही सर्वोच्च न्यायालयाला एका बाबतीत पोलिसांना खडसवावे लागले होते. १९५४ च्या शिवबहादुर सिंह खटल्यात न्यायालयाने असे म्हटले की लाच उघडकीस आणण्यासाठी सापळे लावावे लागतील हे खरे, पण देणाऱ्यापाशी पैसा नाही आणि तो उभा करण्याची त्याची ऐपतही नाही अशा वेळी पोलिसांनीच लाचेची रक्कम पुरवून गुन्हा घडवून आणणे समर्थनीय नाही. सत्तर वर्षांपूर्वीच्या या तत्त्वाच्या प्रकाशात स्ट्रॅटफॉरचा तो सरकारी संगणक पाहा. चोरांपाशी माल ठेवायला जागा नव्हती. ती सरकारने पुरवली.

या सौद्यातील आणखी एक अन्याय सहसा कोणी बोलून दाखवत नाही. सवलत विकत घेण्यासाठी माहितीचे भांडवल लागते, आणि ते भांडवल म्होरक्यापाशी जास्तीत जास्त व हलक्या साथीदारापाशी कमीत कमी असते. तेव्हा ज्याचा अपराध मोठा त्याला माफी आणि ज्याचा लहान त्याला सजा, असा उफराटा न्याय होण्याची भीती या पद्धतीत मुळातच आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत घुसखोरी करून सुमारे ९४ कोटी रुपये लुटण्यात आले, आणि बनावट कार्डांवरून अठ्ठावीस देशांतील एटीएममधून, तसेच कोल्हापूर, पुणे, मुंबई व इंदूर येथून, काही तासांत रोकड काढली गेली. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा ठोठावली. ही सारी मंडळी शेवटच्या पायरीवरची, हातात दिलेली कार्डे घेऊन यंत्रापुढे उभी राहिलेली होती. हल्ला ज्यांनी रचला ते परदेशात सुरक्षित राहिले. त्या अकरांपैकी कोणी साथीदारांची नावे सांगायला तयार झाला असता, तरी वरच्या पायरीवरचा कोण हे त्याला माहीत असण्याचा संभव नव्हता. त्यांच्या अपराधावर पांघरूण घालण्याचे माझ्या मनात नाही; पण सहकार्याच्या मोबदल्यात सूट देताना न्यायाधीशाने माणसाने किती सांगितले याबरोबरच त्याला मुळात किती ठाऊक होते याचाही हिशेब ठेवला पाहिजे.

स्वतः मॉन्सेगरविषयी काय म्हणावे? मराठी मनात फितुरीविषयी जी चीड आहे ती फार खोल आहे. रँडच्या वधानंतर चापेकरांची नावे सरकारला कळवून इनाम घेणाऱ्या द्रविड बंधूंना १८९९ च्या फेब्रुवारीत पुण्यात प्राण गमवावे लागले, आणि सव्वाशे वर्षे लोटल्यावरही त्यांच्याविषयी चांगला शब्द कोणाच्या तोंडून निघत नाही. परंतु परकीय सत्तेविरुद्धचा लढा आणि अनोळखी नागरिकांची कार्डे लुटणे यांना एकाच पंक्तीला बसवता येणार नाही, आणि रात्री दोन मुली झोपलेल्या घरात पोलीस शिरल्यावर ज्याने आपला निश्चय ढळू दिला त्या बापासमान माणसाला दुरून दूषणे देण्याचा अधिकार मला घ्यावासा वाटत नाही. हॅमंडने मात्र वेगळी वाट धरली. त्याने कोणाचे नाव घेतले नाही. शिक्षा जवळजवळ भोगून होत आली असताना, २०१९ मध्ये, व्हर्जिनियातील ग्रँड ज्युरीपुढे विकिलीक्सविषयीच्या चौकशीत साक्ष देण्यासही त्याने नकार दिला, न्यायालयाच्या अवमानाबद्दल आणखी काही महिने अडकून पडणे पत्करले, आणि तो २०२० च्या नोव्हेंबरात बाहेर आला. त्याने केलेली चोरी मला निंद्यच वाटते. त्याची ही निष्ठा निंद्य वाटत नाही, आणि या दोन्ही गोष्टी एकाच माणसाविषयी खऱ्या असू शकतात.

आज महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांत सायबर पोलीस ठाणी आहेत, आणि तेथील अधिकाऱ्यांपुढे रोज निवृत्त शिक्षकांच्या, विधवांच्या, शेतकऱ्यांच्या आयुष्यभराच्या पुंजीच्या फिर्यादी येतात. पकडलेल्या एखाद्या चलाख पोराला हाताशी धरून त्याच्याकरवी टोळीत शिरण्याचा मोह त्यांना उद्या होईल आणि तो समजण्याजोगा आहे. कायदा मात्र या बाबतीत अपुरा आहे. माफी देण्याची तरतूद ज्या गुन्ह्यांना सात वर्षे किंवा अधिक शिक्षा आहे, अथवा जे केवळ सत्र न्यायालयापुढे चालतात, मुख्यतः त्यांनाच लागू पडते, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ व्या कलमाखाली हॅकिंगला तीन वर्षांपर्यंतच कैद आहे. त्यामुळे नुसत्या हॅकिंगच्या प्रकरणात साथीदाराला उघडपणे, न्यायालयापुढे माफी देण्याचा मार्ग बंद आणि त्याला गुपचूप खबऱ्या करून वापरण्याचा मार्ग मोकळा, अशी उलटी स्थिती निर्माण होते. राज्याच्या गृहखात्याने आणि संसदेतील आपल्या प्रतिनिधींनी ती दुरुस्त करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सायबर गुन्ह्यांतील साथीदाराला माफी देण्याचा अधिकार न्यायालयाला द्या. पोलिसांच्या वतीने तो जालावर जे काही करील त्याची परवानगी आधी दंडाधिकाऱ्याकडून लेखी घ्यायला लावा. त्याची प्रत्येक नोंद आरोपीच्या वकिलाला मिळेल अशी सोय करा. त्याच्या हातून किंवा त्याच्या देखत नवी चोरी होत असल्याचे दिसताच ज्याचा माल जातो आहे त्याला त्याच दिवशी कळवणे अधिकाऱ्यावर बंधनकारक करा. आणि चोरीचा माल ठेवायला जागा देणाऱ्या अधिकाऱ्याला, तो कितीही वरच्या हुद्द्यावर असला तरी, चोराच्या शेजारी उभे करा.